पलंगांच्या दुकानातला व्यायामवर्ग

मी जाड झालो आहे हे बायकोने, आईने आणि नाशिकच्या शिंप्याने आपापल्या परीने सांगून पाहिलं होतं. मला ते पटवून दिलं एका टाकीने.

मी कुवेतमधल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे. दर काही वर्षांनी कारखाना बंद ठेवून सगळी यंत्रं उघडतात आणि आतून तपासतात. अशाच एका शटडाउनमध्ये, मार्च महिन्यात, एका उंच टाकीच्या आतलं वेल्डिंग बघायला मी मॅनहोलमधून शिरायला गेलो. डोकं गेलं, खांदे गेले आणि पोटापाशी आल्यावर सगळं थांबलं. आत आधीच गेलेल्या फिलिपिनो इन्स्पेक्टरने टॉर्च माझ्या तोंडावर धरला आणि अतिशय अदबीने विचारलं, "सर, आत येताय की बाहेर जाताय?"

मला दोन्ही जमत नव्हतं. त्यातून ते मॅनहोल म्हणजे त्या बिचाऱ्याचा बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता. म्हणून सेफ्टीवाल्यांनी सायरन वाजवला. बाहेरून चौघांनी माझे पाय धरले, कुणीतरी कॅन्टीनमधून भांडी घासायचा लिक्विड साबण आणून माझ्याभोवती ओतला आणि मला बाटलीच्या बुचासारखं ओढून काढलं. संध्याकाळी सगळ्यांना मेल आला. घटनेचं कारण, मार्गात अडथळा. नाव कुठे नव्हतं, पण अडथळ्याचा मागून घेतलेला फोटो होता.

घरी मी काही बोललो नाही. पण युनिफॉर्म धुवायला टाकताना बायकोने तो हुंगला.

"अहो, आज कपड्यांना लिंबाचा वास कसा?"

सांगावंच लागलं. आधी ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आणि आग लागली असती म्हणजे?" बायको इथल्या एका भारतीय शाळेत बालवर्गाला शिकवते. तिने एखादी गोष्ट दोनदा सांगितली की ती करायची असते, हे आमच्या घरात मुलीलाही ठाऊक आहे आणि मलाही. दुसऱ्या दिवशी मी महबूल्यातल्या आमच्या इमारतीमागच्या जिममध्ये नाव घातलं.

माझा विचार होता ट्रेडमिलवर शांतपणे चालायचा. पण सगळ्या ट्रेडमिलवर माणसं होती आणि ती सगळी फोनवर बोलत होती. दुपारी साडेतीनला जाऊन पाहिलं, साडेचारला पाहिलं, तेच लोक, बहुधा तेच फोन. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही ग्रुप क्लासला का जात नाही? तिथे जागाच जागा आहे." तिथे जागा का होती ते मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

क्लास घेणारा इजिप्शियन होता. इथे सगळ्या कोचना कॅप्टन म्हणतात, तसं आम्ही त्यालाही कॅप्टनच म्हणायचो. सडपातळ, डोळे मोठे, आवाज त्याहून मोठा. गालापाशी येणारा काळा माइक तो लावायचा, पण त्याची वायर कशालाच जोडलेली नसायची, ती त्याच्या खिशातून बाहेर लोंबत असायची. मी एकदा त्याला त्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "माइक लावला नाही तर मला बोलायला सुचत नाही."

तो इंग्रजीत सुरू करायचा आणि संगीत चढलं की अरबीत जायचा. यमीन म्हणजे उजवीकडे, यसार म्हणजे डावीकडे. इतकी वर्षं कुवेतमध्ये राहून एवढं मला येत होतं. पण स्पीकरच्या त्या दणदणाटात पहिल्याच दिवशी मला "यमीन" ऐकू आलं ते "जमीन". मी ताबडतोब खाली पसरलो. माझ्यामागे तीन बांगलादेशी आणि एक हैदराबादी होते. त्यांनाही तसंच ऐकू आलं असावं, किंवा पुढचा करतो ते करायचं असं त्यांनी ठरवलं असावं. तेही पसरले. कॅप्टनने आरशात पाहिलं तर अर्धा वर्ग गायब. त्याने संगीत बंद केलं, आमच्यापाशी आला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कुणाला काय झालं?"

वर्गात सगळ्यात ज्येष्ठ होते एक कुवेती गृहस्थ. सगळे त्यांना हाजी म्हणायचे. सत्तरीच्या आसपासचे, उंच, घेरदार, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात यायचे, आत जाऊन गुडघ्यापर्यंतच्या निळ्या चड्डीत बाहेर यायचे आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या बसल्या हात हलवायचे. त्यांचे वडील खजुराच्या व्यापारात होते आणि हाजींचं लहानपण बरंचसं मुंबईत मशीद बंदराजवळ गेलं होतं. त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. साठ वर्षांपूर्वीचं, मुंबईचं, वर अरबीचा तडका दिलेलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम नाशिकवाला? नाशिक का अंगूर मेरा बाप खाता था. बहुत खट्टा था."

क्लास संपला की हाजींचा ड्रायव्हर डबे घेऊन हजर व्हायचा. तिळाच्या चटणीत बुडवलेले खजूर, खजूर भरलेल्या बिस्किटांची चळत आणि थर्मासमधून वेलदोड्याची कॉफी. कॅप्टन रडकुंडीला यायचा. "हाजी, यात साखर आहे हो!" हाजी शांतपणे म्हणायचे, "साखर नाही. खजूर." पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं, असं मी स्वतःला समजावायचो आणि चौथा खजूर उचलायचो. परिणाम व्हायचा तोच झाला. मार्चपासून ऑगस्टपर्यंत मी एकही क्लास चुकवला नाही आणि वजनकाटाही एका आकड्यापाशी ठाण मांडून बसला.

ऑगस्टमध्ये जिमचं छत कोसळलं. एसीचं पाणी कुठेतरी साठत होतं, ते एका सकाळी फॉल्स सीलिंगसकट खाली आलं. नशिबाने तेव्हा आत कुणी नव्हतं. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते मालकालाही सांगता येईना. बाहेर तर अंडं ठेवलं तर शिजेल असं ऊन. कॅप्टन आम्हाला इमारतीच्या दारात भेटला तेव्हा त्याचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता. माइक मात्र लावलेला होता.

हाजी गाडीची काच खाली करून म्हणाले, "मेरा दुकान है. बडा दुकान. एसी फर्स्ट क्लास. यल्ला, चलो."

फहाहीलच्या रस्त्याला त्यांचं फर्निचरचं दुकान होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुकान कसलं, विमान ठेवायचं हँगर. एका बाजूला सोफे, मधे जेवणाची टेबलं, मागे गालिचे आणि संपूर्ण उजवी बाजू पलंगांची. इथली दुकानं दुपारी बंद असतात आणि चारनंतर उघडतात, त्या मधल्या वेळात क्लास घ्यायचा असं ठरलं. प्रत्येकाला उभं राहायला एकेक पलंग वाटून दिला. माझ्या वाट्याला आला तो सोनेरी सिंहांच्या पायांचा, मखमली पाठीचा, एखाद्या सुलतानाने नको म्हणून परत केल्यासारखा दिसणारा डबलबेड.

जिमचं सामान नव्हतं, म्हणून कॅप्टनने दुकानातलंच वापरायला काढलं. पाय ठेवायच्या गादीच्या स्टुलांवर चढउतार. डोक्यावर उशी धरून बैठका. दोघादोघांनी मिळून गुंडाळलेला गालिचा खांद्यावर घ्यायचा आणि दुकानाला फेरी मारायची. तिसऱ्या आठवड्यात त्याने कपाटं ढकलायचा व्यायाम काढला. तीन दारांची, आरसे लावलेली कपाटं पलंगांकडून गालिच्यांकडे ढकलत न्यायची. आम्ही जीव तोडून ढकलली. "पोट आत! पाठ सरळ!" कॅप्टन ओरडत होता. हाजी खुर्चीत बसून बोटाने दाखवत होते, "थोडा बाएँ. और बाएँ. बस, खलास." चार दिवस आम्ही हा व्यायाम केला. पाचव्या दिवशी दुकानाचा फिटर मला हळूच म्हणाला, "साहेब, उद्या तुमका पडदे आसत. नवीन माल इलो हा ना."

हा फिटर कुडाळकडचा होता. कराराने आलेला, पोरगेलासा नव्हे, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, कुटुंब गावी. दुकानातले पलंग जोडणं-सोडणं त्याच्याकडे होतं. माझी आणि त्याची मराठीवरून लगेच गट्टी जमली. मी म्हटलं, "म्हणजे आम्ही हमाली करतोय?"

"व्यायाम करतास," तो गंभीरपणे म्हणाला. "हमाली आमी करतंव. आमचा काय वजन कमी होणा नाय."

मला राग यायला हवा होता. पण वजनकाटा, जो पाच महिने हलला नव्हता, तो चक्क खाली सरकायला लागला होता. दुसऱ्या दिवशी पडदे होतेच.

कॅप्टनला वेळेचं भान नसायचं, त्यामुळे क्लास लांबायचा आणि दुकान उघडायचं. गिऱ्हाईकं आत यायची ती घामाने निथळणाऱ्या वीस पुरुषांच्या समोर. शेवटी अंग सैल सोडायला कॅप्टन आम्हाला आपापल्या पलंगावर उताणं झोपवायचा. गाद्यांना प्लास्टिकचं आवरण असायचं, आम्ही कूस बदलली की दुकानभर फुगे घासल्यासारखा आवाज व्हायचा. एकदा तो हैदराबादी गाढ झोपला. एक कुवेती गृहस्थ सहकुटुंब तो पलंग बघत उभे राहिले. बराच वेळ बघितलं, मग मॅनेजरला बोलावून त्याच्या कानात काहीतरी विचारलं. मॅनेजर म्हणाला, "नाही, तो सोबत येत नाही."

माझी नेमणूक अशाच एका दिवशी झाली. एका जाडजूड गिऱ्हाइकाला शंका होती की माझा तो सिंहपायी पलंग आपल्याला पेलेल का. हाजींनी दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"शूफ," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, म्हणजे बघ. "इंजिनियर, बैठो."

मी बसायला गेलो तर फिटर कानाशी पुटपुटला, "साहेब, मदी बसा नको, कडेक बसा. मदलो स्क्रू अजून लावूक नाय."

मी कडेला बसलो. उठलो. परत बसलो. हाजी म्हणाले, "कूदो." मी बसल्या बसल्या दोन उड्या मारल्या. पलंग हूं की चूं करेना. गिऱ्हाइकाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान डोलावली आणि तिथल्या तिथे सौदा पक्का केला. हाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर कुणालाही पलंगाबद्दल शंका आली की मला हाक यायची. मी जायचो, बसायचो, उड्या मारायचो. कारखान्यात माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत, पण माझ्या एका बसण्याने एखादी गोष्ट झटक्यात निकालात निघते, असा अनुभव मला तिथे कधी आला नव्हता. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं. मी घरून निघताना केस विंचरायला लागलो.

आणि इकडे कपाटं, गालिचे, पडदे आपलं काम करत होते. ऑक्टोबरात माझी पँट पट्ट्याशिवाय राहीना. ऑफिसात लोक विचारायला लागले. शेजारच्या केबिनमधल्या मद्रासी इंजिनिअरने तर आजारी आहेस का असं विचारलं आणि मला फार बरं वाटलं. हाजींना मात्र ते बघवत नव्हतं. एक दिवस एका गिऱ्हाइकासमोर मी नेहमीसारखा बसलो, उड्या मारल्या, तर तो माणूस हाजींना म्हणाला, "यात काय विशेष? हा तर हलका आहे."

हाजींनी मला बाजूला घेतलं. खूप दुःखाने म्हणाले, "सदीक, मेरे दोस्त, ये तुमने क्या किया? आधा हो गया. अब मैं तुमको किसको दिखाऊँ?"

त्याच आठवड्यात वर्गात एक नवा लेबनीज बेकरीवाला आला होता. दारातून तिरका आत यायचा. हाजींनी त्याला हाक मारली. तो बसला. पलंगच नव्हे, शेजारचं ड्रेसिंग टेबलही हललं. गिऱ्हाईक खूश. मी माझ्या स्टुलावर चढउतार करत ते पाहत होतो. ज्या कामासाठी मी घराबाहेर पडलो होतो ते झालं होतं, म्हणूनच तर मला काढलं होतं, हे डोक्याला कळत होतं. मनाला कळत नव्हतं.

घरी आलो, हातपाय न धुताच डायनिंग टेबलाशी बसलो आणि समोर दिसली ती पोळी गुळातुपाशी खायला लागलो. दुसरी घेतली. तिसरी घेतली. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती.

"काय झालं हो?"

"मला काढलं."

तिच्या हातातली उलथणी खाली पडली. आखातात राहणाऱ्या माणसाच्या घरात हे शब्द कसे ऐकू येतात ते वेगळं सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा गेला, मुलीची शाळा गेली, सगळंच गेलं. ती खुर्चीवर बसली, माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, "ऑफिसातून?"

"नाही गं. पलंगावरून."

आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, "व्हॉट?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. आतापर्यंत घरी एवढंच माहीत होतं की जिम दुसऱ्या जागेत हलली आहे. कपाटं, गालिचे, सिंहांचे पाय, माझ्या उड्या, बेकरीवाला, सगळं ऐकून घेतल्यावर बायकोने पोळ्यांचा डबा माझ्यासमोरून उचलला. "उद्या मी येते," ती म्हणाली. "मला बघायचंय तुम्ही नक्की कुठे जाता ते."

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून थेट आली. साडी, खांद्याला पर्स, गळ्यात शाळेचं ओळखपत्र तसंच. सोफ्यांच्या बाजूला एका कोपऱ्यात बसून ती आमचा वर्ग बघत होती. तिच्या चेहऱ्यावर बालवर्गातली मुलं चिखलात खेळताना दिसल्यावर येतो तो भाव होता. मी पोट आत घेऊन स्टुलावर चढत होतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि दुकानातला मॅनेजर पळत आला. "हाजी, मोठ्या बाई आल्या!"

हाजींना मी घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते खुर्चीतून उठून निळ्या चड्डीवर दिशदाशा चढवायला लागले, तोवर त्यांची थोरली बहीण आत आलीसुद्धा. काळा पायघोळ अबाया, हातात काठी, मागे दोन म्हाताऱ्या जावा, एक सून आणि लग्न ठरलेली नात. नातीसाठी बेडरूमचा सेट बघायला आल्या होत्या. आम्ही वीस पुरुष हातात उशा घेऊन जागच्या जागी उभे. कॅप्टनने नजर जमिनीला लावली.

बाईंनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. काठी टेकत एका आरामखुर्चीपाशी गेल्या, बसल्या आणि अरबीत भावाला काहीतरी विचारलं. त्याने खाली मान घालून उत्तर दिलं. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, जरा चढ्या आवाजात.

फिटरने मला भाषांतर करून सांगितलं. त्याला आमच्यापेक्षा जास्त अरबी येत होतं. "म्हणता, ह्यो व्यायाम पुरुषांनीच करूचो असा खंय लिवलेला आसा?"

हाजींनी हात जोडावेत तसे पुढे केले. बहीण ऐकेना. तिचा डॉक्टर रोज तिला चाला म्हणून सांगत होता आणि बाहेर उन्हात चालवत नव्हतं, घरात चालून चालून ती कंटाळली होती. शेवटी हाजी आमच्याकडे वळले. "अलमारी," एवढंच म्हणाले.

त्या कामात आम्ही आता पारंगत होतो. कॅप्टनने आकडे मोजले आणि आम्ही आठ कपाटं ढकलत ढकलत दुकानाच्या मधोमध एका रेषेत लावली. भिंत तयार झाली. पलीकडे बायका, अलीकडे आम्ही. पण पलीकडे शिकवणार कोण? कॅप्टनने कपाटांवरून ओरडून सांगायचं म्हटलं तर बायकांना तो दिसणार नाही आणि त्याला त्या. तो तरीही ओरडला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, कान दुखतात.

बायको तोवर सोफ्यावर बसलेली होती, म्हणजे पलीकडच्या बाजूला. मोठ्या बाईंचं लक्ष तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेलं असावं.

"मुदर्रिसा?" त्यांनी विचारलं. म्हणजे शिक्षिका.

हाजींनी कपाटामागून हिंदीत सांगितलं, "बहन बोलती है, तुम टीचर है तो सिखाओ."

"अहो!" बायकोची हाक आली. "हे काय म्हणताहेत? मला कुठे व्यायाम येतो!"

"तुला जे येतं ते शिकव," मी म्हणालो. इथून मला दुसरं काय सांगता येणार होतं?

तिने पर्स सोफ्यावर टाकल्याचं ऐकू आलं. मग टाळ्यांचा आवाज आला. बालवर्गात मुलांना गप्प करायला ती वाजवते त्या टाळ्या मी ओळखल्या. मग तिचा खणखणीत आवाज, "एक, दोन, तीन!" आणि त्यामागून चार-पाच थकलेले, जाडसर अरबी आवाज, "इक, दून, तीन!" हात वर, हात खाली. "एक, दोन, तीन!" आमच्या बाजूला कॅप्टन संगीत लावून आपलं चालवायचा प्रयत्न करत होता, पण आमचे पाय पलीकडच्या तालावर पडायला लागले. "इक, दून, तीन" म्हणत बांगलादेशीही उड्या मारायला लागले. कॅप्टनने संगीत बंद केलं आणि माइक गळ्यात सोडून दिला.

आणि मग पलीकडून तो आवाज आला. फू. फू. फू. आमच्याकडे मंगळागौरीला जागणाऱ्या कुठल्याही घरात वाढलेल्या माणसाला तो आवाज ओळखू येतो. माझी बायको, शाळा सांभाळावी तसं घर सांभाळणारी, लग्नानंतर मी जिला कधी नाचताना पाहिलं नव्हतं, ती फहाहीलच्या रस्त्यावरच्या फर्निचरच्या दुकानात नवऱ्या मुलीबरोबर फुगडी घालत होती. कपाटाचे आरसे थरथरायला लागले. म्हाताऱ्या खिदळत होत्या. एक काठी पडल्याचा आवाज आला.

"पडल्या का कुणी?" मी ओरडलो.

"नाही हो!" ती धापा टाकत म्हणाली. "त्यांनीच टाकली काठी. त्यांना पण घालायचीये. मी धरलंय, हळूहळू घेतेय. तुम्ही तुमचं बघा!"

हाजी कपाटाला पाठ टेकून खाली बसले होते. गुडघे दुखत असून खाली बसले होते. म्हणाले, "साठ साल हो गया. मेरी बहन ऐसा हँसी नहीं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते गळ्यातल्या रुमालाने नाही, डोक्यावर धरायच्या उशीच्या टोकाने पुसले. उशीला किमतीची चिठ्ठी होती.

त्या दिवशी बाईंनी नातीसाठी दोन बेडरूम सेट घेतले. कुणीही बसून दाखवायची गरज पडली नाही. जाताना त्यांनी भावाला बजावलं की ही कपाटं इथून हलवायची नाहीत. त्यानंतर आठवड्यातून तीनदा शाळा सुटताना त्यांची गाडी बायकोला न्यायला येऊ लागली. पहिल्या दिवशी पाच बायका होत्या, मग भाच्या आल्या, शेजारणी आल्या, शाळेतल्या दोन मराठी शिक्षिका मदतीला गेल्या. दुकानातला निम्मा माल कपाटांच्या पलीकडे अडकून पडला होता, पण हाजींचं बहिणीपुढे काही चालेना.

डिसेंबरात जिमचं छत नवीन झालं आणि आम्ही पुरुष परत महबूल्याला आलो. कॅप्टनचा माइक आता खऱ्या स्पीकरला जोडलेला होता. पहिल्याच क्लासला तो आपल्याच आवाजाने दचकला. वजनाचं म्हणाल तर माझं पुष्कळ उतरलं होतं, पण जिममध्ये कपाटं नसल्याने ते हळूहळू वर यायला लागलं आणि मी रोज पायऱ्या चढून ते कसंबसं आवरून धरलं. बायका आल्या नाहीत. त्यांचा वर्ग दुकानातच राहिला आणि अजूनही तिथेच आहे.

जानेवारीत मोठ्या बाईंनी आम्हाला त्यांच्या खैरानच्या समुद्राकाठच्या घरी बोलावलं. अठरा वर्षं मी या देशात आहे. एवढ्या वर्षांत मी एकाही कुवेती घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ही माणसं माझ्यासाठी म्हणजे सरकारी खिडकीपलीकडचा हात, किंवा सिग्नलला शेजारी थांबलेली मोठी गाडी. त्या दिवशी हाजींनी मला आणि कॅप्टनला रेतीत उभारलेल्या तंबूत गालिच्यावर आपल्या दोन्ही बाजूंना बसवलं आणि भाताच्या परातीतला माशाचा सगळ्यात चांगला तुकडा सोडवून माझ्यापुढे सरकवला. "खाओ," ते म्हणाले. "वापस थोडा मोटा हो जाओ." कॅप्टन स्वतःच तिसऱ्यांदा भात घेत होता.

तंबूच्या फटीतून लांबवर पाण्याच्या कडेला काळ्या अबायांचा एक गोल दिसत होता आणि त्यात मधे बायकोची पिवळी साडी. वारा उलटा होता, आवाज येत नव्हता. मग गोल फुटला, त्याच्या जोड्या झाल्या आणि जोड्या फिरायला लागल्या.

परतताना गाडीत बायकोने चपला काढल्या, पाय झटकले, रेती खाली पडली. मी म्हटलं, "दमलीस का?"

"नाही. पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. नातीच्या सासरच्या बायका येणार आहेत, त्यांनाही शिकायचंय."

"बरं. मग मी शुक्रवार मोकळा ठेवतो."

"तुम्ही आलात तरी चालेल," ती म्हणाली. "पण बाई ड्रायव्हर पाठवते म्हणाल्या, ते फक्त मला न्यायला."